घरी काय ऐकताय ते इतरांना सांगायचं कसं: नोंदीपासून एकत्र ऐकण्यापर्यंत

अल्बमच्या कव्हरचा फोटो, खाली "सध्या हे" आणि दोन हार्ट. संगीतवेड्यांच्या कुठल्याही ग्रुपात दिवसभर असंच पडत असतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बहुतेक कुणी ऐकत नाही. लोकांना रस नसतो असं नाही हो, पण नुसत्या कव्हरवरून समोरच्याला काहीच हाती लागत नाही. कुठलं रेकॉर्डिंग, कुठून सुरू करू, आणि मी का ऐकू? या तीन प्रश्नांची उत्तरं दिलीत की तुमची दोन ओळींची पोस्टसुद्धा कुणाची तरी संध्याकाळ खाऊन टाकते. पुढचं सगळं ही उत्तरं कमी कष्टात कशी द्यायची त्याबद्दल आहे, पायरी पायरीने, पण सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हे आधीच सांगतो.

पायरी १: कुणाला सांगताय ते ठरवा

हे पटकन उरकू. साधारण तीन प्रकारचे ऐकणारे असतात. एक, जे तुमच्याच वेडाचे आहेत, त्यांना कॅटलॉग नंबर (रेकॉर्ड कंपनीने त्या अल्बमला दिलेला क्रमांक) दिला तरी आनंद होतो. दोन, ज्यांना संगीत आवडतं पण हा प्रकार नवीन आहे, त्यांना एकच ट्रॅक द्या, अख्खा डबा नको. तीन, घरातले नि जवळचे, ज्यांना तुम्ही काय ऐकताय त्यापेक्षा तुम्ही कसे आहात हे कळून घ्यायचं असतं, तिथे तपशील वगैरे सोडा, नुसती लिंक पाठवा. एकच मजकूर तिन्हीकडे चिकटवला की तिन्हीकडे फसतो.

पायरी २: ऐकलेल्याची नोंद ठेवा

सांगायची वेळ आली की नेमकं आठवत नाही, मागच्या आठवड्यात ते काय भारी लागलं होतं यार, असं होतं. म्हणून नोंद हवी. वही चालते, फोनमधली नोट चालते, पण आपोआप व्हायला हवी असेल तर स्क्रॉबलिंग, म्हणजे वाजलेलं गाणं इंटरनेटवर आपोआप नोंदवणं. अशी एक नोंद म्हणजे एक स्क्रॉबल.

लास्ट एफएम ही सेवा २००२ पासून हेच करतेय. तुमचा प्लेअर त्याला जोडला की वाजलेलं प्रत्येक गाणं तारीख-वेळेसकट तुमच्या पानावर जमा होतं. नियम असा: ट्रॅक ३० सेकंदांपेक्षा मोठा हवा, आणि तो निम्मा वाजलेला हवा किंवा ४ मिनिटं वाजलेला हवा, यातलं जे आधी होईल ते. म्हणजे ४० मिनिटांचा एखादा राग लावला आणि पाचव्या मिनिटाला झोप लागली तरी तो एक स्क्रॉबल, आणि तीन मिनिटांचं गाणं दीड मिनिट ऐकलं तरी तोही एकच. इथेच लांब संगीत ऐकणाऱ्यांवर अन्याय होतो. दिवसभर फक्त ख्याल ऐकणाऱ्याच्या पानावर मोजके आकडे दिसतात आणि पॉप ऐकणारा सकाळीच पुढे गेलेला असतो, त्यामुळे आकड्यांवरून कुणाची चाहत मोजू नका. स्पॉटिफायचा हिशोब अजून वेगळा, तिथे ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, म्हणून एकाच माणसाचे दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत.

ज्यांना आपला डेटा एखाद्या कंपनीकडे नको वाटतो त्यांच्यासाठी लिसनब्रेंझ आहे, म्युझिकब्रेंझ हा संगीताचा खुला डेटाबेस चालवणाऱ्या मेटाब्रेंझ फाउंडेशनचं, ना-नफा आणि ओपन सोर्स. लास्ट एफएमवरचा जुना इतिहास तिथे ओढून घेता येतो. पण तिथे तुमचं ऐकणं सगळ्यांना उघड दिसतं, ते चालणार असेल तरच खातं काढा.

रेकॉर्ड किंवा कॅसेट वाजवणाऱ्यांना आपोआप काही होत नाही हे उघड आहे, पण ओपन स्क्रॉबलर नावाची वेबसाइट आहे, तिथे अल्बम शोधायचा आणि अख्खा एका फटक्यात नोंदवायचा. बाजू उलटायला उठलात की तेव्हाच नोंदवा, नंतर करू म्हटलं की राहतंच.

एक मात्र मनापासून सांगतो. स्क्रॉबलचं पान लोकांना दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे. ते बिलाच्या पावतीसारखं आहे, काय घेतलं ते कळतं, चव कशी होती ते कळत नाही. नोंद तुमच्यासाठी, तिच्यातून निवडून जे सांगाल ते लोकांसाठी.

पायरी ३: नेमकं कुठलं रेकॉर्डिंग ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि सगळ्यात जास्त मजाही इथेच आहे, म्हणून जरा बैठक मारून वाचा.

एकाच नावाखाली वेगवेगळे आवाज असतात. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही पाश्चात्त्य शास्त्रीय रचना १९५५ मध्ये रेकॉर्ड केली आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिली साधारण ३८ मिनिटांत संपते, दुसरी ५१ मिनिटं घेते. सुरुवातीची एरियाच (पहिली मूळ धून) बघा, आधी दोन मिनिटांच्या आत आणि नंतर तीन मिनिटांच्या वर. आता तुम्ही नुसतं "गूल्डचं गोल्डबर्ग ऐकतोय, काय संथ आहे ना" असं लिहिलंत आणि समोरच्याने पहिलं लावलं, तर तो तुम्हाला वेडाच समजणार.

दुसरं उदाहरण आवृत्तीचं, म्हणजे रेकॉर्डिंग एकच पण छापलं वेगळं. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम १९५९ चा. पहिल्या सेशनला एक टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे त्याच्यावरून केलेल्या प्रतींमध्ये पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक किंचित जलद आणि किंचित चढ्या सुरात वाजायचे. लोकांनी वर्षानुवर्षं तसंच ऐकलं, काहींनी त्याच्याबरोबर वाजवायचा प्रयत्न केला आणि आपलं वाद्यच बेसूर आहे असं समजून बसले असतील. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे दोघंजण तोच अल्बम ऐकत असतील तरी दोघांचा सूर वेगळा असू शकतो!

मग ओळखायचं कसं?

रेकॉर्ड असेल तर कव्हरवर विश्वास ठेवू नका, कव्हरं अदलाबदल होतात. तबकडी उजेडात तिरकी धरा आणि शेवटची खोबण नि लेबल यांच्यामधला मोकळा पट्टा बघा. तिथे कोरलेले किंवा ठोकलेले आकडे-अक्षरं असतात, त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. कधीकधी ज्याने मास्टर (जिच्यावरून तबकड्या छापतात ती मूळ तबकडी) कापला त्याची सहीपण सापडते, जॅझवाले ब्लू नोट या कंपनीच्या तबकड्यांवर 'आरव्हीजी' शोधत फिरतात ते रूडी व्हॅन गेल्डर या रेकॉर्डिंग इंजिनिअरचं नाव. हा नंबर डिस्कॉग्जवर टाका. २००० साली सुरू झालेला हा डेटाबेस आहे आणि त्यात प्रत्येक छपाईला स्वतंत्र पान असतं, सगळ्या छपाया मिळून एका मुख्य पानाखाली. लिंक देताना मुख्य पानाची नको, तुमच्या छपाईच्या पानाची द्या.

सीडी असेल तर आतल्या छोट्या कड्यावर तसाच कोड असतो. मागे तीन अक्षरं दिसली, एएडी किंवा एडीडी किंवा डीडीडी, तर पहिलं अक्षर रेकॉर्डिंग, दुसरं मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) आणि तिसरं मास्टरिंग (छपाईसाठी शेवटची प्रत तयार करणं), ए म्हणजे अ‍ॅनालॉग आणि डी म्हणजे डिजिटल. बारकोड असेल तर डिस्कॉग्जच्या अ‍ॅपमधून स्कॅन करा, मात्र एकच बारकोड बऱ्याच छपायांवर असू शकतो, त्यामुळे आतला कोड तरीही बघा.

स्ट्रीमिंगवर सगळ्यात फसवं काय असेल तर साल. तिथे दिसणारं साल बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाचं असतं. अल्बमच्या तळाशी जाऊन गोलातला पी शोधा, ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं साल. गोलातला सी म्हणजे कव्हर-मजकुराच्या हक्काचं. रिमास्टर (जुन्याच रेकॉर्डिंगचं नव्याने केलेलं मास्टरिंग) असेल तर तिथेही पी नवीन सालाचा दिसू शकतो, म्हणून नावापुढे 'रिमास्टर' लिहिलंय का तेही बघा. १९६५ चा अल्बम २०११ चा म्हणून सांगणारे लोक खोटं बोलत नसतात, अ‍ॅपने त्यांना तसं सांगितलेलं असतं.

हिंदुस्थानी शास्त्रीय असेल तर कलाकार आणि राग एवढंच पुरत नाही. एकाच गायकाने तोच राग वेगवेगळ्या मैफिलींत गायलेला असतो. बंदिशीचे पहिले शब्द, ताल, विलंबित आहे की द्रुत, स्टुडिओ की मैफल, आणि एकूण लांबी, एवढं लिहा. लांबी विसरू नका, साल माहीत नसलं तरी लांबीवरून माणूस बरोबर फाइलपर्यंत पोचतो.

गंमत म्हणजे ही काळजी फार जुनी आहे. १९०२ मध्ये गायिका गौहर जानने पहिल्या रेकॉर्ड केल्या तेव्हा गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या आणि तिथल्या माणसांना कुठली कुणाची ते कळायला हवं. नावासकट फाइल पाठवायची पद्धत ती हीच.

पायरी ४: चार ओळी लिहा

माझा साचा असा आहे, तुम्ही मोडूनतोडून घ्या. आधी कोण, काय, कुठलं साल, कुठली आवृत्ती. मग कशावर ऐकतोय, पण फक्त त्याने फरक पडत असेल तर. मग एक जागा, मिनिट-सेकंदासकट. आणि शेवटी त्या जागी काय ऐकू येतं ते, साध्या शब्दांत.

गूल्डचंच घ्या. "ग्लेन गूल्ड, गोल्डबर्ग, १९८१ चं रेकॉर्डिंग. हेडफोन लावा, वाजवता वाजवता स्वतःच गुणगुणतोय ते ऐकू येतं. नुसती पहिली एरिया ऐका, तीन मिनिटं, आणि मग १९५५ ची लावा." बस. यात "अप्रतिम" नाही, "अंगावर काटा" नाही, "शब्दच नाहीत" तर नाहीच नाही (शब्द नाहीत तर पोस्ट कशाला टाकली?). पण वाचणाऱ्याला करायला एक छोटं काम मिळालं, आणि लोक काम दिलं की करतात.

जागा सांगताना सूर-तालाची भाषा येत नसेल तर घाबरू नका. "२ मिनिट १० ला बेस एकदम थांबतो आणि परत येतो तेव्हा घर हलतं" हे कुठल्याही परिभाषेपेक्षा चांगलं. न आवडलेलंही सांगा, म्हणजे आवडलेल्यावर लोकांचा विश्वास बसतो. सगळंच ग्रेट म्हणणाऱ्याची शिफारस कुणी गंभीरपणे घेत नाही.

दोन आवृत्त्यांची तुलना लिहिणार असाल तर आवाजाची पातळी आधी सारखी करा, कानाला मोठं तेच चांगलं वाटतं, आणि नवे रिमास्टर बहुतेक वेळा जुन्यापेक्षा मोठ्या आवाजाचेच केलेले असतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपं पातळी सारखी करायचा प्रयत्न करतात, स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणतं, पण तुमची एक आवृत्ती अ‍ॅपवर आणि दुसरी सीडीवर असेल तर ते तुम्हालाच कानाने जुळवावं लागणार.

पायरी ५: लिंक अशी द्या की उघडेल

तुमच्याकडे एक अ‍ॅप, समोरच्याकडे दुसरं, आणि लिंक उघडली की साइन-अपचं पान. तिथेच माणूस परत जातो. ओडेस्ली नावाची सेवा आहे, आधी तिला सॉन्गलिंक म्हणायचे, तिच्यात एका अ‍ॅपची लिंक टाकली की सगळ्या अ‍ॅपांच्या लिंक असलेलं एक पान बनतं. ते द्या. पण बनलेलं पान एकदा स्वतः उघडून बघा, कारण कधीकधी दुसऱ्या अ‍ॅपवर भलतीच आवृत्ती जोडली जाते आणि मग पायरी ३ ची सगळी मेहनत पाण्यात.

यूट्यूबवर व्हिडिओ हव्या त्या जागी थांबवा, कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून 'सध्याच्या वेळेची लिंक कॉपी' घ्या, उघडणारा थेट तिथेच पोचतो. लांब मैफिलींसाठी तर हे हवंच. आणि लिंकबरोबर नाव टाइप करायचा कंटाळा करू नका, लिंका मरतात, व्हिडिओ उडतात, नाव राहतं. बॅन्डकॅम्पवर अल्बम असेल तर ती लिंक आधी द्या, तिथून विकत घेतलं तर पैशाचा मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो.

पायरी ६: फोटो, आणि क्लिपचं काय

फोटो हवाच असेल तर चकचकीत कव्हर खिडकीच्या बाजूने, जरा तिरकं धरून काढा, फ्लॅश बंद. कव्हरपेक्षा मागची बाजू किंवा लेबल जास्त उपयोगी, तिथे वादकांची नावं असतात. मागे खोलीत काय दिसतंय तेही बघा, पत्ता लिहिलेलं पार्सल किंवा घरातली लहान मुलं, आणि फोटोत लोकेशन जातंय का ते फोनच्या सेटिंगमध्ये तपासा. महागडी रेकॉर्ड आणि घराचा ठावठिकाणा एकत्र जगजाहीर करणं बरं नव्हे.

वाजत्या रेकॉर्डचा व्हिडिओ टाकायचा मोह सगळ्यांना होतो. फोनच्या माइकमधून ते डब्यातल्यासारखं ऐकू येतं आणि वर यूट्यूबसारख्या ठिकाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा काही सेकंदांच्या आवाजावरूनही हक्कदाराचा दावा लावू शकते. सुई टेकतानाचा व्हिडिओ आवाज बंद करून टाका आणि खाली अधिकृत लिंक द्या, दोन्ही प्रश्न मिटतात.

पायरी ७: एकाच वेळी, आपापल्या घरी

हा प्रकार एकदा तरी करून बघाच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये द शार्लटन्स या बँडच्या टिम बर्जेसने ट्विटरवर ऐकण्याच्या बैठकी सुरू केल्या होत्या, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या घरी तोच अल्बम लावायचा आणि बनवणारे कलाकारच सोबत किस्से लिहिणार. आवाज एकमेकांना पाठवायचाच नाही, फक्त वेळ एक ठेवायची, यातच सगळी हुशारी आहे. तुमच्या पाच जणांच्या ग्रुपलाही हेच चालतं.

अल्बम आणि आवृत्ती आदल्या दिवशी ठरवा, कारण बोनस ट्रॅकवाली आवृत्ती लावलेला माणूस शेवटी एकटाच वाजवत बसतो. ४५ मिनिटांच्या आतलं काहीतरी निवडा. शफल बंद, क्रॉसफेड (एका गाण्याच्या शेवटात पुढचं मिसळणं) बंद, आणि फुकटवालं अ‍ॅप असेल तर जाहिराती मध्ये घुसणार हे धरून चला. एकाने घड्याळ सांभाळायचं, "८ वाजून ० सेकंदाला प्ले" असं लिहायचं. रेकॉर्डवाल्यांनी सुई उतरायला लागणारा वेळ धरून थोडं आधी सुरू करायचं. टर्नटेबलचा वेग अर्धा टक्का जरी इकडेतिकडे असला तरी २० मिनिटांच्या बाजूत ६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणून बाजू उलटताना सगळ्यांनी थांबा आणि पुन्हा एकत्र सुरू करा. लिहिताना ट्रॅकचं नाव आधी टाका, मग प्रतिक्रिया, नाहीतर "हा सोलो!!!" म्हणजे कुठला ते मागे पडलेल्याला कळत नाही.

अ‍ॅपनेच जुळवून हवं असेल तर स्पॉटिफायवर २०२३ पासून जॅम आहे, ३२ जणांपर्यंत येऊ शकतात, सुरू करणाऱ्याकडे प्रीमियम हवं. आयफोनवाल्यांना फेसटाइममध्ये शेअरप्ले आहे, पण त्यात प्रत्येकाकडे गाण्याच्या सेवेचं स्वतःचं सबस्क्रिप्शन लागतं. व्हिडिओ कॉलवर स्पीकरसमोर फोन धरणारेही असतात, त्यांना विनंती की नका करू, कॉलवाली अ‍ॅपं संगीताला गोंगाट समजून कापून टाकतात. झूमवरच करायचं असेल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा, किंवा स्क्रीन शेअर करताना 'शेअर साउंड'ला टिक करा.

पायरी ८: दुसऱ्याचं ऐका आणि कळवा

ग्रुप जिवंत राहतो तो टाकणाऱ्यांमुळे नाही, ऐकून परत येणाऱ्यांमुळे. नुसता अंगठा देण्यापेक्षा "तू सांगितलेली जागा ऐकली, मला त्याच्या आधीचा तबला जास्त आवडला" हे एक वाक्य टाका, सांगणारा पुढचा महिनाभर चांगलं चांगलं शोधून आणेल. तुम्ही स्वतः एक टाकायच्या आधी दुसऱ्याचं एक ऐका, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. नाही आवडलं तर तेही सांगता येतं, पण पूर्ण ऐकून, आणि माणसाच्या आवडीबद्दल न बोलता गाण्याबद्दल बोलून. "हे काय ऐकतोस तू" हे परीक्षण नाही. आणि कुणी भलत्याच हलक्याफुलक्या गाण्याबद्दल मनापासून लिहिलं असेल तर तिथे आपलं ज्ञान पाजळायला जाऊ नका, प्लीज.

एकत्र प्लेलिस्ट केलीत तर प्रत्येकी दोन-तीनच गाणी ठेवा आणि ठरावीक दिवसांनी रिकामी करा. शंभर गाण्यांची सामायिक प्लेलिस्ट कुणीच ऐकत नाही, ती गोदाम होते.

पायरी ९: काय लपवायचं आणि काय जपायचं

रात्री दोनला तेच एक रडकं गाणं सतरा वेळा लावलंय हे सगळ्यांना कळायलाच हवं असं नाही. स्पॉटिफायमध्ये प्रायव्हेट सेशन आहे, चालू केलं की ओळखीच्यांना दिसत नाही, पण ते कायमचं राहत नाही, काही वेळाने आपोआप बंद होतं, तेव्हा दर वेळी बघून घ्या. लहान मुलांची गाणी किंवा झोपेसाठी पावसाचा आवाज लावायचा तरी हेच वापरा, नाहीतर पुढच्या शिफारशी सगळ्या पावसाच्याच येतात.

आणि बॅकअप. स्पॉटिफायच्या प्रायव्हसी सेटिंगमधून तुमचा खातं उघडल्यापासूनचा सगळा ऐकण्याचा इतिहास मागवता येतो, यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, जेसन फाइली (डेटा साध्या मजकुरात ठेवायचा प्रकार) येतात. डिस्कॉग्जवरचा संग्रह सीएसव्हीमध्ये उतरवता येतो, एक्सेलमध्ये सरळ उघडतो. तुम्ही लिहिलेल्या चार-चार ओळींच्या पोस्टी मात्र कुठलंच अ‍ॅप जपून देत नाही, त्या टाकायच्या आधी वहीत किंवा नोटमध्ये लिहा आणि तिथून कॉपी करा.